जिथं जायचंय तिथं बघा

कोपरखैरणे, खाडीकडचा मोकळा प्लॉट.
सिडकोचा बोर्ड एका पायावर गंजत उभा,
त्याच्या शेजारी, सकाळी सव्वासहाला,
मी बायकांना स्कूटर शिकवते.

मी चालत येते.
तेवढाच व्यायाम, असं सांगितलंय सगळ्यांना.

दोन वर्षांपूर्वी महापे पुलाखाली
एक टँकर मागून वाजला.
धडकला नाही. नुसता वाजला.
मी पडले, उठले,
गाडी ढकलत घरी आणली,
तिच्यावर निळं कव्हर घातलं
आणि दोऱ्या अशा आवळल्या
जशा कुणी परत सोडू नये म्हणून आवळतात.

त्याच महिन्यात शेजारची सुवर्णा म्हणाली,
तुम्हाला येते ना, मला शिकवा.
नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.
म्हणून हो म्हणाले.

सुवर्णामागून तिची नणंद आली,
नणंदेमागून घणसोली गावातली हर्षाली भोईर,
आणि एक दिवस, पदर कमरेला घट्ट खोचून,
इंदुमती शेडगे. वय चोपन्न.
नवरा मसाला मार्केटात माथाडी,
बोलणं अजून जावळीचं.
"मला सायकलबी येत न्हाय," म्हणाल्या,
"अन् हसायचं न्हाय कुणी."

मी हसले नाही.
म्हणाले, चाकाकडे बघू नका.
जिथं जायचंय तिथं बघा.
पाय टेकला म्हणजे पडलात असं नाही.
भीती घरी ठेवून येता येत नाही,
मागच्या सीटवर बसवा तिला.
बसू दे. हँडल तुमच्या हातात.

कुठून यायचं हे माझ्या तोंडात, ठाऊक नाही.
बोलून झालं की माझाच आवाज
पलीकडच्या तिवरांत जाऊन
जरा वेळ थांबायचा
आणि वाटायचं, आता कुणीतरी विचारणार:
बाई, तुमची गाडी कुठाय?

कुणी विचारलं नाही.
इंदुमतीबाई कुंपणाच्या तारेत शिरल्या, दोनदा.
एकदा थांबून कुत्र्याची माफी मागितली.
सोळाव्या दिवशी त्यांनी काढलेला आठचा आकडा
नवासारखा दिसत होता,
तरी आम्ही टाळ्या वाजवल्या
आणि टाळ्या वाजवताना माझ्या तळव्यांना
हँडलच्या रबराची आठवण झाली.

लायसन आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या,
"बसा मागं. घरी सोडते."
मी म्हणाले, चाललेलं बरं असतं.
"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "बसा."

कधीपासून ठावं होतं, मी विचारलं नाही.

मागच्या सीटवर,
जिथं भीतीला बसवा म्हणायचे मी,
तिथं मी.
सिग्नलला मागून पाण्याचा टँकर वाजला.
माझ्या मुठीत त्यांचा अख्खा पदर.
त्यांनी मान वळवली नाही.
"चाकाकडं बघू नगा, बाई.
म्होरं बघा. जिथं जायचंय तिथं."
माझंच वाक्य, जावळीच्या पाण्यात धुतलेलं.
दीड वर्ष ते मी वाटत होते,
आज पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलं.
मी बघितलं.
समोर एक रिक्षा, एक केळीवाला
आणि हिरवा झालेला दिवा.

आज पहाटे कव्हर काढलं.
गाठी सुटेनात, कात्री लागली.
आत कोळ्यानं दोन्ही आरसे
एकमेकांना बांधून ठेवलेले,
चाकांत हवा नाही, बॅटरी संपलेली.
नऊ किका मारल्या. दहावी नाही मारली.

गॅरेज दहाला उघडतं.
तोवर कशाला थांबायचं, म्हणून
ढकलत निघालेय प्लॉटकडेच,
चढावर दम लागतोय,
दूधवाला बघतोय, बघू दे.
हर्षालीला फोन केला:
मला दहा मिनिटं उशीर होईल.
ती नवी मुलगी आली तर
तिला आधी ब्रेक दाखव.
आणि घाबरले म्हणाली,
तर हसू नका.