गाळलेलं पान

मल्हारगंजात आमचं फ्रेमचं दुकान होतं.
चाळीस वर्षं देवांना काचा बसवल्या आम्ही,
दत्त, बालाजी, लक्ष्मी, मापाप्रमाणे कापून.
खिळे ठोकायची हातोडी वडिलांच्या वेळची,
मुठीपाशी गुळगुळीत.
मोरेश्वरदादाच्या कपाळावर ती बसली
तेव्हा भिंतीवर एकशेदहा देव होते.
एकाचीही काच तडकली नाही.

इंदूरच्या जेलात मला बाबू म्हणायचे,
कारण मला अर्ज लिहिता यायचे.
बराकीत शेजारी मकना भाबोर, झाबुआकडचा.
बाप्तिस्म्याचं नाव योहान, ते तो हळूच सांगायचा.
गळ्यातल्या दोऱ्याला काडेपेटीच्या दोन काड्यांचा क्रूस,
एका डोळ्यात फूल पडलेलं, अक्षराशी ओळख नाही,
आणि उशाशी काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक,
कडा उंदरांनी कुरतडलेल्या.
"बाबू, वाचून दाखव. पानामागे एक बिडी."

मी भाड्यानं वाचायला लागलो,
कोर्टातला कारकून जबानी वाचतो तसा.
लंगडे उठून चालले, मी वाचत गेलो.
समुद्र गप्प झाला, मी वाचत गेलो.
मध्येच म्हणायचो, म्हातारबा, हे काय खरं असतं होय?
तो म्हणायचा, तू वाच.
खरं-खोटं बिडी संपल्यावर बघू.

एका रात्री पुस्तकात दोन भाऊ आले.
एक शेतातला, एक मेंढरांमागचा.
पुढचं मला न वाचताच दिसलं.
अंगठा ओला केला, दोन पानं एकदम उलटली,
आणि महापुरापासून सुरुवात केली.
म्हातारा बराच वेळ गप्प.
मग अंधारातून म्हणाला,
"दोन पानांचा आवाज जाड असतो, बाबू."

त्या रात्री त्यानं बिडी दिली नाही.
मीही मागितली नाही.

पहाटे, गिनतीच्या आधी,
नळावर कुणी नव्हतं तेव्हा ते पान काढलं,
मोठ्यानं वाचलं. बिडीसाठी नाही.
जमिनीतलं रक्त ओरडतं, तिथं माझा आवाज बसला.
वाटलं होतं, आता वीज पडेल.
पण त्या भावाला कुणी मारत नाही.
त्याच्या अंगावर एक खूण होते,
कुणी त्याला मारू नये म्हणून.
एवढंच.
ती खूण मी बादलीतल्या पाण्यात शोधली.
दिसलं ते दादाचं कपाळ.
हवालदार म्हणाला, क्या हुआ बाबू, जमानत खारिज?

श्रद्धा म्हणतात ती एका दिवसात आली नाही.
रोज सकाळी दऱ्यांच्या मागावर बसायचो.
तुटलेला धागा गाठ मारून जोडायचा,
गाठ खालच्या अंगाला ठेवायची,
उस्तादानं शिकवलं ते इतकंच.
पाय टाकला की गाठ लागते. लागू दे.

योहान पौषात गेला, इस्पितळाच्या बराकीत.
शेवटी चोराचं पान मागितलं त्यानं,
शेजारच्या क्रुसावरच्या. तीनदा वाचलं.
काड्यांचा क्रूस माझ्याकडे आला.
एक काडी अर्धी जळलेली आहे, हे तेव्हा पाहिलं.

वहिनींना तेरा पत्रं लिहिली, फाडली.
चौदावं पाठवलं. त्यात माफी नव्हती.
"मी मारलं" एवढं होतं.
कोर्टात मी सांगितलं होतं, दादाचा पाय घसरला.
उत्तर आलं नाही. ते माझं येणं नव्हतंच.

आता एम. वाय. हॉस्पिटलच्या आवारात बसतो,
दरीच्या तुकड्यावर.
झाबुआ-आलीराजपूरची माणसं कागद घेऊन येतात.
कोणती गोळी कधी, कोणता मजला, रक्त कोणत्या गटाचं.
किती द्यायचे, विचारतात.
एक बिडी, म्हणतो.
मी ओढत नाही. डबा भरत आलाय.

एखाद्या कागदावर वाईट लिहिलेलं असतं.
समोर बाई उभी असते, पदराचं टोक दातांत धरून.
माझा अंगठा आपसूक जिभेशी जातो.
मग तो मी सदऱ्याला पुसतो
आणि वाचतो, जिथं आहे तिथून.