गुरुवारी पाणी नाही

पहिल्यांदा तिनं पायपुसणं निवडलं.
आम्ही म्हटलं, असेल, होते चूक,
आपल्याही होतात.
मग अवधूतचा रेनकोट, नीट घडी घातलेला,
मग इस्त्रीचं गाठोडं,
आणि सोमवारी, माझ्या डोळ्यांत डोळे घालून,
पाहुण्यांची गादी.

सुंठ तिचं नाव. रंगावरून.
चार वर्षं तिनं वाळूच्या ट्रेमध्ये
जुन्या कारकुनासारखं नेमानं काम केलं:
उकरायचं, बसायचं, झाकायचं,
वास घेऊन खात्री करायची, मग निघायचं.
आता ट्रेपाशी येते, कडेवर एक पंजा ठेवते
आणि उचलून घेते,
तव्यावरून बोट उचलावं तसा.

धनकवडीच्या दोन खोल्यांत वास लपत नाही.
व्हिनेगर झालं. लिंबू झालं.
बारीक वाळू आणली, जाड आणली,
लॅव्हेंडरवाली आणली तेव्हा ती शिंकली
आणि थेट माझ्या चपलेत जाऊन बसली.
ट्रे बाथरूममधून बाल्कनीत,
बाल्कनीतून कपाटाशेजारी,
उपवर मुलीचा फोटो घेऊन फिरावं
तसे आम्ही दोघं ट्रे घेऊन घरभर.
नकार. नकार. पत्रिका जुळत नाही.

खालच्या सपकाळबाई म्हणाल्या,
तिथंच नाक घासा तिचं,
एकदा घासलं की जन्मभर लक्षात राहतं.
राहतं, मला माहीत आहे.
कशासाठी घासलं ते राहत नाही,
कुणी घासलं, तेवढं राहतं.

तरी मी ओरडले एकदा. मोठ्यानं.
फ्रिजमागून दोन तास फक्त शेपटीचं टोक दिसत होतं.
अवधूत म्हणाला, तळजाईवर सोडून येऊ या का?
म्हणाला, आणि स्वतःच उठून
तिच्या वाटीत दही घातलं.

डॉक्टर कुमठेकरांनी तिचं पोट चाचपलं,
आजवर कुणाला न चावलेली ती त्यांना चावली.
खडे आहेत, म्हणाले, मिठाएवढे.
पाणी कमी पडतंय अंगात.
लघवी करताना आग होते,
आणि तिला वाटतं, ट्रे चावतो.

ट्रे चावतो.
परतीच्या रिक्षात, मांडीवर टोपली,
बालाजीनगरच्या सिग्नलला
मी तेवढंच घोळवत बसले.

सहा वर्षं मी सिंहगड रस्त्यानं जात नाही.
कुणी विचारलं तर सांगते, ट्रॅफिक.
असतंच ट्रॅफिक, कुणी वाद घालत नाही.
हेरंबचं घर त्याच रस्त्यावर आहे
हे त्यात खपून जातं.

मग गोळी, दिवसातून दोनदा,
एकानं धरायचं, एकानं भरवायची,
दोघांनी ओरबाडून घ्यायचं.
घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या,
ज्यांत रोज अवधूतचा पाय पडतो.
नवा ट्रे, नवी जागा,
आणि जुना तिच्या नजरेस पडू द्यायचा नाही.
जुन्यात मी कोथिंबीर लावली आहे.
आली की पहिली जुडी सपकाळबाईंना.

अकराव्या रात्री, तीनच्या सुमारास,
अंधारात: खस्स.
थांबून, पुन्हा खस्स खस्स.
अवधूत जागा होता, मी जागी होते,
श्वाससुद्धा बेतानं घेत
आम्ही ऐकत होतो ती उकरताना.
मग बराच वेळ काही नाही.
मग धार.
धारेचा आवाज जरा वेगळाच.

दिवा लावला.
चारी पाय ट्रेच्या आत, शिस्तीत,
मान ताठ, डोळे मिटलेले,
आणि बूड कडेच्या बाहेर.
खाली पसरलेल्या कालच्या पेपरात
गुरुवारी निम्म्या शहरात पाणी नाही
ही बातमी भिजत भिजत
शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

सुंठीनं वळून वास घेतला,
ट्रेमधली कोरडी वाळू उकरून उकरून
कशावरच काही झाकलं नाही,
आणि निघून गेली, काम झालेलं.

अवधूत हसत सुटला, उशीत तोंड खुपसून.
मी पेपर गुंडाळला.
हेरंबकडे गुरुवारीच बंद असतं पाणी,
पूर्वी तो बुधवारी रात्री फोन करायचा,
भरून ठेव गं.
मी पिंप भरायला लावलं
आणि नळाशी उभी राहिले, बराच वेळ.