मागचा बाक

शांतवन मास्तरांचं पोर टेम्पोखाली गेलं,
सात रस्त्यावर, भर दुपारी.
महिन्याभरात मास्तर टेम्पोवाल्याच्या दारी
ज्वारीचं पोतं उतरवून आले:
तो आत आहे, लेकरं काय खातील?

देव नाही,
हे मी मागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून
निम्म्या कारखान्याला पटवलंय.
मास्तरांपुढे आवाज फुटत नाही.

रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो.
ऋण सोडायच्या ओळीवर
मास्तर अडखळले,
आवंढा गिळून पुढे म्हणू लागले.
माझे ओठ हलले. शब्द पाठ नव्हते.

बाहेर तेच बेचाळीस डिग्री ऊन.
विडी पेटवली.
नरसय्या, माझा सख्खा भाऊ, अठरा वर्षांचा अबोला.
त्याच्या बोळापाशी सायकल
जरा हळू झाली.
एवढंच.