तीन रुपये बाकी

तबली सुटली तेव्हा आधी हळदीचा वास आला,
मग पुराच्या गाळाचा.
दीड तास सांध्यावर वाफ धरून बसलो होतो.
घाई केली की लाकूड सूड घेतं, आजोबा म्हणत.

भोपळ्याच्या आत, पेन्सिलीनं, त्यांचंच अक्षर:
मिरज, सन १९३८. ताराक्का नेर्लेकर, जमखंडी.
तीन रुपये बाकी.

ताराक्का कशी गायची, सांगणारं कुणी उरलं नाही.
दांडीचं पॉलिश मात्र एका जागी गेलंय,
गालाच्या उंचीवर.
मागे बसून साथ करणारी कुणी पोर
झोपेला आली असेल.

पुढे हरिपूरच्या अडत्याकडे तारण,
पेवाशेजारच्या खोलीत वीस वर्षं.
तारा कुणीतरी काढून नेल्या,
पोती शिवायला असतील.
आतली हळद मी खरवडली नाही.

ही तिसरी खुंटी आमची नव्हे.
स्लीपरच्या सागातून चाकूनं कोरलेली:
फ्रान्सिस गायकवाड, गार्ड.
नॅरोगेजच्या शिट्टीशी षड्ज जुळवायचा,
आणि गाडी लेट झाली की
सूर उतरला म्हणायचा. अब्बा हसून सांगत.

मग शाळा. पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं
सा. क्र. ४१.
दर गॅदरिंगला नारदाच्या हातात.
एकदा नारद पडला.
ती चीर मी ओळखतो, त्यात एम-सील आहे.

पूर आला, शाळेचं कपाट उघडलं,
रजिस्टरात एक्केचाळीसपुढे लाल शाईनं 'निर्लेखित'.

शंभू कोळेकर म्हैस शोधायला गेला
आणि बाभळीत हा अडकलेला दिसला.
पाच वर्षं माळ्यावर ठेवून आज आणलाय.
'बुडला कसा नाही रे?' मी विचारलं.
तो माझ्याकडे बघतच राहिला.
'भोपळाच की तो. असलाच कमरेला बांधून
आज्यानं मला नदीत ढकललं होतं.'

सत्तर वर्षांचं दुकान आमचं,
हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हैस?
'नाही घावली.'

तबली बसवण्याआधी पेन्सिल घेतली.
त्याचं नाव, गाव, आजची तारीख.
मजुरी सांगितली नाही,
त्यानं विचारलीही नाही.
खाली लिहिलं: मागील बाकी तीन रुपये,
पुढे चालू.

आता घोडीवर तारेखाली सुताचा जिवा सरकवतोय.
केसभर पुढे, केसभर मागे.
शंभू दारात उभा, चपला हातात.
अजून नाही.
अजून थोडं.