दीडशे शब्दांत

फोर्टातल्या गॅलरीची रेवा म्हणते,
चित्राशेजारी लावायला काहीतरी लिहून द्या ना.
प्रेरणा, प्रक्रिया. दीडशे शब्द पुरेत.
मंगळवारपर्यंत.

आज सोमवार.
शिवडीच्या गाळ्यात टर्पेंटाइनच्या वासात बसलेय,
समोर अठरा फुटी कॅनव्हास:
खाली हिरवा, वर पांढरा,
मध्ये तपकिरी पट्टी, अर्ध्या इंचाची.

परवा एक गृहस्थ बघून गेले. म्हणाले, क्षितिज.
त्यांच्या बायकोला समुद्र दिसला.
मी चहा पाजला. समुद्र तर समुद्र.

खरं लिहायचं तर
हा हिरवा सरकारी आहे.
पालिकेच्या इस्पितळात, शाळेत, रेशन ऑफिसात
माणसाच्या खांद्यापर्यंत येऊन थांबणारा,
डाग दिसू नयेत म्हणून ठरवलेला.
तो जुळवायला मला पाच महिने लागले.
दुकानातला हिरवा फार आनंदी निघतो,
त्यात थोडा गेरू घातला, थोडी राख,
तरी तो आजारी दिसेना.
शेवटी डबा आठवडाभर उघडा ठेवला,
साय धरली, ती ढवळली, तेव्हा कुठे.

आणि पट्टी बाबांची.
हिरवा कुणीही फासायचं, पांढराही,
पट्टी मात्र दत्ताराम पेंटरच ओढणार.
दोन टोकांना दोन पोरं, मध्ये गेरूत बुडवलेली सुतळी,
बाबा ती चिमटीत धरून सोडायचे,
टण्ण.
मग त्या खुणेवरून ब्रश, श्वास रोखून,
दारापासून दारापर्यंत.

एका वॉर्डाबाहेर, रात्रपाळीत,
बाकावर एक बाई झोपली होती
डोकं भिंतीला टेकून, बरोबर खुणेवर.
पोरगा म्हणाला, उठवू?
बाबा म्हणाले, कुणाचं कोण आत आहे
आपल्याला काय ठाऊक.
आणि ब्रश तिच्या केसांवरून
चार बोटं वर नेला, पलीकडे खाली आणला.
ती उठली नाही.
सकाळी मुकादमाने पट्टी बघितली, एक रोज कापला.
पुसून घ्यायचं मात्र राहून गेलं.

हे मी पाहिलेलं नाही.
बाबांनीही एकदाच सांगितलं, जेवताना,
आमटी थंड होत असताना,
आईने रोज कापल्याचा हिशेब विचारला म्हणून.

मागच्या वर्षी गेले होते शोधायला.
सगळीकडे टाइल्स. गुळगुळीत, बदामी.
वॉचमन म्हणाला, बाई, पेशंट कोण?

मग शेजारच्या कुंदाताई कासकरांना बाकावर बसवलं,
म्हटलं, झोपा.
त्या हसायच्या, अंबाडा सरकायचा.
तिसऱ्या दुपारी मात्र खरंच झोपल्या,
घोरू लागल्या, आणि मी पटकन
त्यांच्या डोक्यावरून पेन्सिल फिरवली.
सुतळी मला जमत नाही, मी चिकटपट्टी लावते.
पण तेवढा उंचवटा हाताने केला. एकदाच.
हात किंचित थरथरला. तसाच ठेवला.

चित्र बघायला आलेल्या समीक्षकाने
त्या जागेला 'ताण' म्हटलं.
चुकीचं नाही. एका रोजाचा तर होताच.

हे सगळं दीडशेत बसेना.
मी लिहून पाठवलं:
तैलरंग, कॅनव्हास. जमिनीपासून उंची मोजून लावावं,
पट्टी साडेचार फुटांवर.
रेवाने त्यावर छापलं:
स्मृती आणि अवकाश यांचा संवाद.

उद्घाटनाच्या संध्याकाळी गर्दी पांगल्यावर
गॅलरीचा वॉचमन स्टूल ओढून
नेमका त्याच चित्राखाली बसला,
टोपी मांडीवर, पाठ भिंतीला, डोळे मिटलेले.
मी लांबून डोळ्यांनीच मोजत राहिले.
स्टूल बुटकं होतं.
त्याचं डोकं पट्टीपर्यंत पोचत नव्हतं.