तिसरी फेरी

दिवसा त्यांनी आम्हाला हिरवळ दाखवली,
ग्रंथालय दाखवलं, आणि निळ्या दिव्यांचे खांब.
बटण दाबलं की तीन मिनिटांत गाडी येते,
म्हणाला तो उलट्या पावली चालणारा, हसरा मुलगा.
दाबून बघावंसं वाटलं होतं,
पण सोबत टॅम्सिन होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

मी लिफ्ट तपासतो. तेवीस वर्षं झाली.
दोर, ब्रेक, दाराची फट.
लोकांचे जीव टांगणीला, शब्दशः, माझ्या सहीवर.
मग काचेमागे कागद :
इतकी माणसं, इतकं वजन, अमुक तारखेपर्यंत.
रस्त्याचा असा कागद कुठे लावलेला असतो?

म्हणून रात्री, ती मोटेलात झोपल्यावर,
वही घेतली नि निघालो.
बाल्टिमोर. सव्वादहा. विद्यापीठाच्या मागच्या फाटकापासून सुरुवात.

पहिल्या फेरीत दिवे मोजले. चौदातले अकरा.
पेट्रोल पंपावरचा पोरगा जाड काचेआड,
पैशांपुरती खालची फट उघडी.
दुकानाला लोखंडी जाळी,
आणि जाळीत खोचलेला हरवलेल्या मांजराचा फोटो,
बक्षीस वीस डॉलर.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

दुसऱ्या फेरीत एक घर, खिडक्यांवर फळ्या ठोकलेलं.
त्याला खेटून दुसरं, दारात कुंडी,
कुंडीत पेटुनिया, आणि कुंडीला साखळी, कुलूप.
साखळी वाचावी की फूल, मला ठरवता येईना.

एक तरुण बाई चालली होती, दोन्ही हातांत पिशव्या,
मानेत फोन धरून हसत.
ती किती निर्धास्त आहे ते बघावं म्हणून
मी गाडी हळू केली.
तिने वळून पाहिलं.
हसणं थांबलं. पावलं भरभर पडू लागली.
मी वहीत लिहिलं :
बायका इथे रात्री घाईने चालतात.

तिसऱ्या फेरीला संगमरवरी पायऱ्यांवर बसलेल्या म्हातारीने
हात वर केला, शाळेपुढे रहदारी थांबवतात तसा.
मी काच खाली केली.

"तिसऱ्यांदा," ती म्हणाली,
आणि विजेच्या बिलाचं पाकीट माझ्यासमोर धरलं.
त्यावर माझ्या गाडीचा नंबर.
"कोपऱ्यावरच्या मिस्टर पर्नेलनीही लिहून घेतलाय.
काय हरवलंय तुझं?"

मुलगी, मी म्हणालो. म्हणजे, हरवली नाही.
इथे शिकायला यायचं म्हणते.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, खोटं कशाला सांगू,
नोव्हेंबरात त्या खांबापाशी गोळी चालली. जावोन गेला.
ती कुंडी त्याच्या आईची.
आधीची कुणीतरी उचलून नेली, म्हणून साखळी.

आणि माझा नातू, ओरिन,
पिझ्झा पोचवायला त्या फाटकातून आत गेला,
तर कुणीतरी तुमचं ते निळं बटण दाबलं.
तीन मिनिटं म्हणतात ना?
दोनच लागली.

माझ्या मांडीवर वही उघडी होती.
तिने वाकून पाहिलं, वाचलं की नाही कोण जाणे.
"दिवसा ये," म्हणाली. "तिला घेऊन ये.
येतंय कोण, आम्हालाही बघू दे."

मोटेलात टॅम्सिन जागी.
कुठे गेला होतास?
पेट्रोल भरायला.
पावणेदोन तास?

बायकांच्या घाईची ओळ मी खोडली.
शेजारी लिहिलं, कारण : मी.
खाली सहीची जागा तशीच ठेवली.

सकाळी म्हणालो, चल, एकीला भेटायचंय.
कुणाला?
नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.
"तिच्याकडे माझा नंबर आहे," एवढंच सांगितलं,
आणि गाडी लांब उभी करून
आम्ही चालत गेलो.