उसवता न येणारा टाका

दर तीन महिन्यांनी डर्बनला जाते,
एशोवेहून पहाटे साडेचारच्या टॅक्सीने,
मागच्या सीटवर, मांडीवर काजं करायचे राहिलेले गणवेश,
कारण शाळा सोमवारी उघडते
आणि माझं रक्त शुक्रवारीच हवं असतं त्यांना.

सिस्टर म्लाबा दंडाला पट्टी आवळते.
"बाजाबुलिले, आज नऊ नळ्या हं."
घे बाई. पंधरा वर्षं उपसते आहेस,
विहीर काही आटली नाही.

आहे तो माझ्या अंगात. यंत्राला दिसत नाही, एवढंच.
दिसत नाही म्हणजे गेला असं नव्हे;
सुई हरवलेल्या घरात
अनवाणी चालत नाही कुणी.

ज्या पेशींनी "चोर, चोर" म्हणून ओरडायचं
त्यांच्याच खोलीत जाऊन तो निजतो.
कुंपणानं शेत खाल्लं, हे आपण ऐकलेलं.
इथे शेत खाणाराच कुंपण होऊन बसतो.

मग मला कोण राखतं?
डॉक्टर नायकर कागदावर एक गोल काढते.
ही मारेकरी टी पेशी, म्हणते.
प्रत्येक पेशी आत शिजणाऱ्याचा एक तुकडा
दाराबाहेर टांगून ठेवते,
ही दारोदार फिरते आणि तो तुकडा चाचपते.
चाचपते म्हणजे कशी?
"तू कापड चाचपतेस तशी."

हे आधी सांगायचं होतं ना.
पंधरा वर्षं बाणच काढत बसली.

तो रोज अंगरखा बदलतो.
कॉलर बदलतो, बाहीची पट्टी, खिशाचा कोन,
सकाळी ओळखला तो संध्याकाळी परका.
पण काखेत एक जागा असते,
पुढचं, मागचं, बाही, कळी, चारही तुकडे जिथे येऊन मिळतात.
तिथला टाका हलवलास
तर सदरा राहत नाही, चिंध्या राहतात.
माझ्या पेशी नेमकं तिथे बोट ठेवतात.
कधीतरी तो तेही उसवून पाहतो,
आणि मग लंगडत हिंडतो,
धड पळता येत नाही, धड वाढता येत नाही.

झिबुयिले माझ्याहून दोन वर्षांनी लहान.
तीच आई, तोच बाप, एकाच ताग्यातलं कापड.
दोन हजार तीनच्या हिवाळ्यात
पाण्याचा पेला तिला दोन्ही हातांनी धरावा लागायचा.
गोळ्या तेव्हा होत्या. जगात होत्या.
आमच्या डोंगरावर नव्हत्या.

मी एकदा विचारलं, तिच्या पेशी आळशी होत्या का?
नायकरने पेन खाली ठेवलं.
"नाही. जीव तोडून लढल्या असतील.
बहुधा त्यांनी कॉलर धरली होती."

एवढंच.
आईबापांकडून येणाऱ्या अक्षरांतलं एक अक्षर
माझ्या वाट्याला आलं, तिच्या नाही.
तिने कुणाचं काही वाईट केलं नव्हतं.
मीही काही पुण्य केलेलं नाही,
मापात अर्धा इंच मारून कित्येकदा कापड वाचवलंय.

गेल्या वर्षी जांघेतली एक गाठ काढून दिली,
वाटाण्याएवढी. तिथेही पहारा होता म्हणे,
पण पहारेकरी थकत चाललेत.
रात्रंदिवस लढाई नसली तरी जागरण असतं,
आणि जागरणाने भिंती तापतात, काळीजही.
नायकर दर वेळी विचारायची, दर वेळी मी हसून टाळायची.
या खेपेला बाटली हातातच ठेवली.

आता ती शिवणयंत्रावर आहे, बॉबिनच्या डब्याशेजारी.
तीस गोळ्या. मी पालथ्या घालून मोजल्या,
बटणं मोजते तशा, दोनदोनच्या जोडीने.
एक हातात धरून बसले आहे.
हिचं वजन काहीच नाही, झिबु.
बटणाला निदान भोकं तरी असतात.

उजाडेल आता. दिवा मालवत नाही अजून,
एक बाही लावायची राहिली आहे.